जन्मतारीख, अक्षरी

माझ्या वडिलांना सगळी शाळा ‘अक्षरी’ म्हणायची. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारखेच्या दोन ओळी असतात, एक अंकी आणि एक अक्षरी. अंकी कोणीही भरेल. अक्षरी ओळ माझे वडील भरायचे, आणि आमच्या शाळेचा दाखला इंग्रजीत असल्यामुळे इंग्रजीत भरायचे. फोर्टीन्थ जून, नाइन्टीन हंड्रेड अँड एटी-थ्री. काळी शाई, जाड निब, आणि अक्षर असं की छापलंय असं वाटावं. दाखला न्यायला आलेले पालक मुलाचं नाव तपासायचे, मग त्या ओळीवरून नजर फिरवून म्हणायचे, “वा, अक्षर काय आहे!” ओळ वाचत कोणी नसे. पुढचं सगळं यावरच उभं आहे, म्हणून आधीच सांगून मोकळी होते. ती ओळ कोणी वाचत नसे, आणि ज्यानं लिहिली त्यालाही ती वाचता येत नसे.

वडिलांना इंग्रजी मुळाक्षरं येत होती, पण चित्र काढायला यावीत तशी. ते शाळेत शिपाई म्हणून लागले. घंटा द्यायची, फळे पुसायचे, टाकी भरायची. एकदा सूचनाफलकावर लिहायला कोणी नव्हतं, तेव्हा त्यांनी समोर कागद धरून इंग्रजी सूचना जशीच्या तशी उतरवली. ती इतकी देखणी उतरली की दुसऱ्या दिवसापासून त्यांना ऑफिसात बसवलं. तिथे एक मोठे कारकून होते. ते जन्मतारीख कच्च्या कागदावर पेन्सिलीनं लिहून द्यायचे आणि वडील ती दाखल्यावर गिरवायचे. दहा-बारा वर्षं हा संसार सुखात चालला. मग मोठे कारकून निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, आणि ते टेबल वडिलांकडे आलं. बढती म्हणायची तर एवढीच, की बसायच्या खुर्चीला हात आले.

आता पेन्सिलीनं लिहून देणार कोण? आणि येत नाही म्हणून सांगावं तर खुर्ची गेली. वडिलांनी यावर एक युक्ती काढली होती. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हसू आलं होतं, आता येत नाही. जुन्या दाखल्यांच्या प्रती कपाटात बांधून ठेवलेल्या असत. नव्यानं शाळा सोडणारा मुलगा तीन मार्चचा असेल, तर तीन मार्चला जन्मलेला जुना कोणीतरी ते शोधून काढत. त्याला ते ‘जुळा’ म्हणत. दिवस एका जुळ्याकडून घ्यायचा, साल दुसऱ्याकडून. एकेका दाखल्याला अख्खी दुपार जायची. लोकांना वाटायचं, काय काळजीनं काम करतो हा माणूस.

जुळा मिळाला नाही की ते मला विचारायचे. मी त्याच शाळेत होते, इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत, सहावीत. मी वेणी घालत असले, दप्तर भरत असले, तरी मागून आवाज यायचा, “अगं, एकतिसावा कसं म्हणतात ते?” मी म्हणायचे, “थर्टी-फर्स्ट.” “आणि लिहितात कसं?” मग मी सुस्कारा टाकून लिहून द्यायचे. तो सुस्कारा मला अजून आठवतो. अकरा वर्षांच्या मुलीला तो कुठून सुचला कोण जाणे.

त्यांना मात्र आकड्यांचं खरंच कौतुक होतं. एकदा जेवताना म्हणाले, “तेरापासून एकोणिसापर्यंत इंग्रज अगदी आपल्यासारखा बोलतो बघ. आधी लहान आकडा, मग दहा. वीस ओलांडले की पठ्ठ्या फिरला. मोठा आधी, लहान नंतर. आपण मात्र शेवटपर्यंत दिल्या शब्दाला जागतो.” दुसऱ्या दिवशी म्हणाले, “आपलं एकोणतीस पुढे बघतं, तिसाला एक कमी. त्यांचं ट्वेंटी-नाइन मागे बघतं, विसावर नऊ जास्त. गंमत आहे की नाही?” मी ताटातून मान वर केली नाही. आज मी वर्गात इंग्रजी आकडे शिकवते तेव्हा हीच दोन वाक्यं माझी म्हणून सांगते. मुलांना फार आवडतात. ती कोणाची, हे मी कधी सांगितलं नाही.

सहावीतच एक दिवस ते आमच्या वर्गात आले. एका मुलीच्या फॉर्मवर पालकांची सही राहिली होती, तिला बोलवायचं होतं. तिचा हजेरी क्रमांक एकोणतीस. तास इंग्रजीचा होता, म्हणून वडिलांनीही इंग्रजीत बोलायचं ठरवलं. दारात उभे राहून, शर्टाचं वरचं बटण लावून, ते मोठ्यानं म्हणाले, “रोल नंबर थर्टी-नाइन.”

एकोणतीसमध्ये तीस ऐकू येतात आणि नऊ दिसतात, त्यामुळे मराठी डोक्याची ही चूक ठरलेली; जेवताना नीट सांगणाराही दारात उभा राहिला की घसरतो. एकोणचाळीस नंबरचा जाडजूड मुलगा गोंधळून उभा राहिला. वडील म्हणाले, “तू नाही रे, मुलगी आहे. थर्टी-नाइन.” मुलानं अंग चोरून स्वतःकडे पाहिलं आणि वर्गात हशा फुटला. बाकं वाजवून हसले सगळे. बाईसुद्धा फळ्याकडे तोंड करून हसल्या. कुणीतरी मागून म्हणालं, “अक्षरीचे आकडे!”

एकोणतीस नंबरची मुलगी हसली नाही. ती सुतारकाकांची मुलगी, माझ्याच बाकावर बसायची. तिच्या वडिलांनी तिला सागाची एक सुंदर पट्टी करून दिली होती, ती वर्गभर फिरायची, त्यामुळे तिलाच सगळे पट्टी म्हणायचे. ती उभी राहिली आणि म्हणाली, “काका, मलाच ना? आले.” आणि निघालीसुद्धा. बाक वाजवत नसले तरी मी हसत होते. सगळ्यांच्या बरोबर हसले नसते तर सगळे माझ्याकडे बघून हसले असते, असा माझा हिशेब होता.

त्या रविवारी दुपारी मी बाबांना म्हटलं, “मी तुम्हाला एकदाच सगळं लिहून देते. एक ते शंभर, तारखा, महिने, सगळं. पण पुन्हा विचारायचं नाही.”

“पुन्हा नाही,” ते म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला की तेव्हाच उठून ते जाड ड्रॉइंग पेपर घेऊन आले.

मी पट्टीकडून पट्टी मागून आणली, रेघा मारल्या, आणि आकडे व त्यांच्यापुढे इंग्रजी शब्द लिहायला बसले. वडिलांचा हात मला आला होता, तेव्हाही माझं अक्षर चांगलं होतं. तारखा झाल्या, महिने झाले, साठ झाले, सत्तर झाले. बाहेर मैत्रिणी लगोऱ्यांसाठी हाका मारत होत्या. सत्त्याऐंशीपुढे ‘एटी-सेव्हन’ लिहिलं. अठ्ठ्याऐंशीपुढेही ‘एटी-सेव्हन’ लिहिलं. ते मला दिसलं. हे लिहिताना अजूनही वाटतं, की दिसलं नव्हतं म्हणून सांगावं, कोण तपासायला येणार आहे? पण मला दिसलं होतं. शाईनं लिहिलेलं, खोडलं असतं तर सगळा कागद घाण झाला असता, आणि पुन्हा एकपासून लिहायचं म्हणजे खेळ गेला. अठ्ठ्याऐंशी सालचे म्हणजे आम्हीच, पट्टी आणि मी आणि आमचा वर्ग. आम्हाला शाळा सोडायला अजून चार-पाच वर्षं होती. तोवर दुरुस्त करू म्हटलं, पुढे एकोणनव्वद लिहिलं, शंभरावर टिंब दिलं आणि पळाले. नंतर विसरले हे खरं. विसरायला मला बरं वाटलं, हेही खरं.

तो कागद वडिलांनी टेबलाच्या काचेखाली घातला. वर एक जुनं कॅलेंडर, म्हणजे साहेबलोकांना दिसू नये. तेव्हापासून जुळे शोधणं बंद झालं. वडिलांच्या कामाला वेग आला, चेहऱ्यावर तेज आलं. शेजारपाजारचे लोक फॉर्म घेऊन घरी यायचे, “अक्षरी, एवढं इंग्रजीत भरून द्या.” ते म्हणायचे, “उद्या ऑफिसात या, घरी पेन नसतं.” घरी तक्ता नसायचा, हे फक्त मला ठाऊक. आणि बोलल्याप्रमाणे त्यांनी मला पुन्हा एकदाही विचारलं नाही. आकड्यांच्या गमतीही जेवताना सांगेनासे झाले. मला सुटल्यासारखं वाटलं.

मी शाळा सोडली, शिकले, बी.एड. केलं आणि पंचविसाव्या वर्षी त्याच शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले. पहिली दोन वर्षं कच्ची नोकरी. शिक्षकांच्या खोलीत वडील चहा पोहोचवायला आले की मी त्यांना ‘बाबा’ म्हणत नसे. काहीच म्हणत नसे. ते माझ्यासमोर कप ठेवताना बशीचा आवाज होऊ देत नसत.

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, बोलताना इंग्रजी फार पेरायच्या. “ऑफिस अगदी अ‍ॅट सिक्सेस अँड सेव्हन्स झालंय,” म्हणायच्या, किंवा “तुमचं प्रत्येक काम इलेव्हन्थ अवरला.” एक दिवस जिन्यावर वडिलांनी मला हळूच गाठलं. म्हणाले, “विचारत नाही काही, सांगतोय. बाईंच्या सिक्सेस अँड सेव्हन्सचा अर्थ मी माझा मी काढला. आधी सहा-सात वस्तू शोधत बसलो होतो. तसं नाही. आपले तीन तेरा वाजतात ना, तेच. आणि त्यांचे अकरा वाजतात तिथं आपले बारा वाजतात.” स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन ते माझ्याकडे बघत राहिले. वरून दोन शिक्षिका येत होत्या. मी म्हटलं, “तास आहे माझा.” आणि निघून गेले.

तो तास नव्हता. मोकळी तासिका होती.

त्याच वर्षी, एका मंगळवारी, पट्टी शाळेत आली. ती नर्स झाली होती. मोठ्या रुग्णालयात कायमची जागा निघाली होती, परीक्षेत ती तिसरी आली होती, मुलाखत झाली होती. फक्त कागदांची पडताळणी उरली होती. वयाची अट पंचवीस. अंकी तारखेप्रमाणे ती पंचवीसच्या आत होती. पण तिथल्या अधिकाऱ्यानं दाखल्यावरची अक्षरी ओळ वाचली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ती ओळ वाचली. त्यात साल होतं नाइन्टीन हंड्रेड अँड एटी-सेव्हन. अंक आणि अक्षर जुळलं नाही तर अक्षर खरं धरायचं, असा नियम आहे, कारण आकड्यात खाडाखोड करणं सोपं. म्हणजे पट्टी एका वर्षानं मोठी, आणि जागा गेली. ती खेड्यात घरीच जन्मलेली, जन्माची नोंद कुठे झालीच नव्हती. हा दाखला सोडून तिच्याकडे वयाचा दुसरा कागद नव्हता. यादी शुक्रवारी बंद होणार होती.

ती आधी वडिलांकडेच गेली. सरळ होती ती, काकांना सांगितलं की होईल असं तिला वाटलं. मग मोठ्या बाईंनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. मलाही, कारण रुग्णालयाला पत्र इंग्रजीत लिहायचं होतं. जाताना मी ऑफिसातून गेले. वडिलांच्या टेबलाच्या काचेखाली जुनं कॅलेंडर तेवढं होतं. काच उचलून पाहिली, खाली तक्ता नव्हता.

बाईंनी प्रवेशाचं जुनं रजिस्टर उघडलं. त्यात साल अंकात होतं, पण नेमक्या शेवटच्या आठावर शाई फुटली होती, सात खोडून आठ केल्यासारखी. बाईंनी कपाळाला हात लावला. मग दाखला वडिलांपुढे सरकवला.

“अक्षरी, ही ओळ जरा वाचून दाखवा.”

वडिलांनी दाखला हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. त्यांचा अंगठा त्या ओळीवरून हळूहळू पुढे सरकत गेला, अक्षर गिरवताना जातो तसा.

“चष्मा घरी राहिला, बाई,” ते म्हणाले.

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

कोणी हसलं नाही. सहावीचा वर्ग तरी हसला होता. पट्टीनं मान खाली घातली, बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या, आणि मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण त्या क्षणी मला लाज वाटत होती ती त्यांची. माझी नव्हे. हे लिहून ठेवणं भाग आहे.

“तुम्हाला वाचता येत नाही?” बाईंनी अगदी हळू विचारलं. “मग इतकी वर्षं लिहीत कशावरून होतात?”

“अंदाजानं,” वडील म्हणाले.

“अंदाजानं? काहीतरी समोर असेल ना. कोणी लिहून दिलेलं?”

“नाही बाई. कोणी नाही. माझीच चूक.” बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं अक्षर शाळेतल्या प्रत्येक फलकावर होतं. तो तक्ता कोणी पाहिला असता तर एका नजरेत ओळखला असता.

मी पत्र लिहिलं. लिपिकाच्या हातून नजरचुकीनं, वगैरे. इंग्रजी झकास होतं. बुधवारी दुपारी रुग्णालयाचं उत्तर आलं. एकाच मुलीच्या दाखल्यात चूक होते, आणि ती नेमकी वयाच्या अटीवर, हे पटत नाही. दुसरा पुरावा द्या, एवढंच लिहिलं होतं.

दुसरा पुरावा माझ्या कपाटात होता. संध्याकाळी घरी जाऊन मी माझा दाखला काढला. शाळा सोडताना वडिलांनी तो दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवला होता, सगळ्यात सुंदर लिहिलेला. मी इंग्रजीची शिक्षिका. मी तो कितीतरी ठिकाणी जोडला होता आणि ती ओळ एकदाही वाचली नव्हती. नाइन्टीन हंड्रेड अँड एटी-सेव्हन. माझ्यासारखेच वर्गातल्या त्या सालच्या सगळ्यांचे असणार. पट्टीची एकटीची चूक नाही हे सिद्ध करायला मला फक्त तो कागद बाईंच्या टेबलावर ठेवायचा होता.

मी तो परत कपाटात ठेवला.

कारणं खूप होती माझ्याकडे. नोकरी कच्ची, माझ्याच वयावर शंका आली तर? कोण काय म्हणेल? आधी बाबांशी बोलू, मग बघू. पण बोलायची वेळ आली की मी वह्या तपासायला बसायचे. गुरुवारी सकाळी वडील चहाचा कप धरून म्हणाले, “पट्टीचं होईल ना काही?” मी म्हटलं, “होईल.” त्यांनी मान हलवली. तेही बोलले नाहीत, मीही बोलले नाही. ते माझ्यासाठी गप्प होते. मी माझ्यासाठी गप्प होते. पट्टीसाठी त्या घरात कोणी बोललं नाही.

शुक्रवार गेला. शनिवारी मी बाईंच्या खोलीत जाऊन माझा दाखला त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, “त्या सालच्या सगळ्यांच्या प्रती बघा.” बाईंनी गठ्ठा सोडला. चौतीस दाखले, चौतिसांवर तीच ओळ.

“हे तुला कधी कळलं?” बाईंनी विचारलं.

“आज,” मी म्हटलं.

तक्त्याचं मी बोलले नाही. सोमवारी पत्र गेलं. उत्तर सभ्य होतं. उमेदवाराची जन्मतारीख मान्य, मात्र यादी बंद झाली असल्यानं यावेळी विचार करता येत नाही. आणि पुढच्या वेळेला पट्टी खरोखरच पंचविसाच्या पुढे गेलेली असणार होती. ती मग एका डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात लागली, पट्ट्या बांधणं, इंजेक्शनं देणं. अजून तिथेच आहे. रस्त्यात भेटली की थांबून बोलते, काकांची तब्येत विचारते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. पण हे छापून आलं की तिच्या हातात पडेल, आणि ती वाचणारी आहे.

चौतीस नवे दाखले मी लिहिले. चौतीस वेळा ‘एटी-एट’. बाईंनी वडिलांना टेबलावरून उठवून परत घंटेवर पाठवलं. बाई वाईट नव्हत्या, बाहेर कुठे वाच्यता केली नाही. पण शाळेत काय लपतं? एका शिक्षकानं थट्टेत म्हटलं, “अक्षरी आता अंकी झाला.” घंटेचे ठोके मोजूनच द्यायचे ना. मी तिथेच बसले होते. मी चहा प्यायले.

पावणेतीन वर्षं त्यांनी घंटा दिली. माझा तास चालू असताना ठोके पडायचे आणि मी नकळत मोजायचे. कधी एक ठोका कमी-जास्त पडला नाही.

निवृत्त झाल्यावर ते घरात आणखीच गप्प झाले. मागच्या महिन्यात पायरीवर घसरून त्यांचं पाऊल सोललं. मी त्यांना जवळचा दवाखाना म्हणून घेऊन गेले, आणि पट्टी बांधायला पट्टीच आली. तिनं खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला. कापूस लावता लावता माझ्याकडे बघून हसून म्हणाली, “काकांना किती वेळा सांगितलं, आता विसरा ते. त्याच आठवड्यात घरी येऊन गेले होते गं, माझ्या आईबाबांपुढे हात जोडले. मला कसंतरीच झालं. चूक काय, कुणाच्याही हातून होते.” वडील खिडकीकडे बघत होते. मी औषधाची चिठ्ठी घडी करत राहिले, उलगडत राहिले.

घरी आल्यावर मी त्यांना खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर ठेवला, आणि स्वतः जमिनीवर बसले. म्हटलं, “बाबा, तक्त्यात अठ्ठ्याऐंशी चुकलं होतं. ते मी चुकवलं. आणि मला तेव्हाच माहीत होतं.”

त्यांनी कपाटाकडे पाहिलं. मग म्हणाले, “माझ्या कपाटातली खालची फाइल आण.”

फाइलीत तक्ता होता. काचेखाली राहून पिवळा पडलेला, माझ्या रेघा, माझं अक्षर. त्यांनी सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी या दोन ओळींवर दोन बोटं ठेवली.

“मला वाचता येत नव्हतं, दिसत होतं ना,” ते म्हणाले. “अक्षरं गिरवणारा माणूस मी. दोन चित्रं सारखी आहेत हे मला पहिल्याच दिवशी कळलं.”

“मग विचारलं का नाही?”

“पुन्हा विचारायचं नाही, असं ठरलं होतं आपलं.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच मला सोसलं नाही. “म्हटलं, इंग्रजांचं काय सांगावं, असतील एखादे दोन आकडे सारखे. तू हुशार. तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार.”

त्यांनी तक्ता उलटा केला. मागे पेन्सिलीनं, बारीक मराठी अक्षरात, वरपासून खालपर्यंत ओळी होत्या. पहिली ओळ होती, ‘८७, ८८ सारखेच का? विचारणे.’ त्यातलं ‘विचारणे’ खोडलं होतं. खाली, ‘फोरमध्ये यू आहे, फॉर्टीत कुठे गेला?’ ‘साल म्हणताना हंड्रेड कधी म्हणायचं, कधी गाळायचं?’ ‘फोनवर शून्याला ओ का म्हणतात?’ ‘बाई खूश असल्या की क्लाउड नाइन म्हणतात. नऊच का?’ वर्षांमागून वर्षांचे प्रश्न होते, शाई नाही, पेन्सिल, म्हणजे कधी लागलं तर खोडता यावेत. कागद भरला तेव्हा समासात आडवे लिहिले होते.

मी कागदावरून नजर काढून घेतली. त्यांना वाटलं, मी कंटाळले. त्यांनी कागद हळूच आपल्याकडे ओढून घेतला.

“आत्ताच नको,” ते म्हणाले. “तुला वेळ असेल तेव्हा एखादा विचारला, तर चालेल?”